सरांनी खडू खिशात टाकला

मुनीर सर रोज एक चूक करायचे, आणि ठरवून करायचे. फळ्यावर टपोऱ्या अक्षरात काहीतरी चुकीचं लिहायचं, खडू सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकायचा आणि खिडकीला टेकून उभं राहायचं. वर्गातलं एखादं पोर उठून "सर, चुकलं" म्हणेपर्यंत गाडी पुढे सरकायची नाही. ज्याला चूक सापडली त्यालाच मग फळ्याशी बोलावायचे, खिशातला खडू त्याच्या हातात द्यायचे आणि दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घ्यायचे. तो खडू त्या पोराचा. तास संपला, पुढचा शिक्षक दारात येऊन खाकरला, तरी सर ढिम्म.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी नांदेडची. लातूरच्या त्या कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला नवीनच रुजू झाले होते. पहिल्याच आठवड्यात सरांच्या वर्गावरून जाताना पाहिलं तर वर्ग चिडीचूप, सर खिडकीबाहेर बघतायत आणि फळ्यावर आरशाचं सूत्र चुकलेलं. बेरजेच्या जागी वजाबाकीची खूण. मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, पोरांसमोर फजिती नको. मी आत गेले आणि हळूच म्हणाले, "सर, तिथे अधिक हवं ना?"

सर गर्रकन वळले. "कोण तुम्ही?"

"मी केमिस्ट्रीची नवीन..."

"मग केमिस्ट्रीत ऱ्हावा की! अर्धा घंटा झालं थांबलोय मी. त्या तिसऱ्या बाकड्यावरच्या पोरीच्या ओठावर आलं होतं, बघायलो होतो मी. तोंडचा घास काढून घेतलाव तुम्ही तिच्या!"

वर्ग फिदीफिदी हसला. मी लालबुंद होऊन बाहेर आले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर चहाचा कप आपटून सर म्हणाले, "घ्या, रसायनबाई. राग गिळायला चहा बरा असतो. पण पोरांचं उत्तर पुन्हा देऊ नका." तेव्हापासून मी रसायनबाई झाले ती कायमची.

हे सगळं मी रागात लिहिते आहे, ते आधीच सांगते. घरचे म्हणाले, जरा शांत हो, मग लिही. पण मी स्वतःला ओळखते. शांत झाले तर लिहायचीच नाही.

सर मूळचे उदगीरचे. बोलणं गावरान, शिकवणं चोख आणि तोंड फटकळ. रिक्षावाल्यापासून संचालकांपर्यंत कुणाची भीडभाड नाही. पण चुकणाऱ्या पोरावर कधी ओरडले नाहीत. ओरडायचे ते गप्प बसणाऱ्यावर. आमच्याकडे चाकूर, अहमदपूर, देवणी अशा तालुक्यांतली मुलं यायची. मोठ्यांना उलटून बोलू नये, मास्तरचा शब्द खाली पडू देऊ नये, हे घरून घोटून आलेलं. फळ्यावरची चूक त्यांना दिसायची, पण सरांना "चुकलं" म्हणायचं म्हणजे पाप. पहिले कित्येक दिवस पोरं वहीत मान घालून बसायची आणि सर खिडकीशी उभे. मग कधीतरी एखादी मुलगी उठायची. ती खाली बसेपर्यंत सर तिच्याकडे असं बघायचे, की घरच्या लग्नाची वरात बघावी.

"कशासाठी एवढा वेळ घालवता?" मी एकदा विचारलं.

"बाई, ज्या पोरानं आयुष्यात एकदा मास्तरला 'चुकलं' म्हणलं ना, ते उद्या डॉक्टर होऊन दुसऱ्याच्या चुकीवर गप सही करणार न्हाई. फिजिक्स काय, पुस्तकात बी हाय. हे पुस्तकात न्हाई."

आणि ज्या दिवशी कुणीच उठायचं नाही, त्या दिवशी खडू खिशात तसाच राहायचा आणि घरी जायचा. हे मला सरांच्या बायकोकडून, फातिमाभाभींकडून कळलं. भाभी शाळेत फार शिकलेल्या नाहीत, पण सरांचा सगळा दिवस त्यांना डाव्या खिशात सापडायचा. "धुताना खडू हाताला लागला की समजते मी," त्या म्हणायच्या, "आज कुणी पकडलंच न्हाई. मग ह्यांचं जेवणात ध्यान न्हाई, भाजीला नावं ठेवतेत. सालन केलं तरी पाणी, बिर्याणी केली तरी पाणी!"

आता कुणाला वाटेल, सर नव्या यंत्रांवर डाफरणाऱ्यांपैकी असतील. साफ खोटं. क्लासमध्ये तळहाताएवढे प्रोजेक्टर आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. पूर्वीचं ते छताला टांगलेलं, भट्टीसारखं तापणारं धूड गेलं आणि टेबलावर साबणाच्या डबीसारखी वस्तू आली. त्यातली एक बंद पडल्याबरोबर सरांनी स्टाफरूममध्ये पेपर अंथरून ती उघडली. आत नखाएवढी एक चकाकती चकती. त्यावर डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक आरसे, प्रत्येक आरसा आपापला हलणारा. उजेड भिंतीकडे पाठवायचा का बाजूला टाकायचा, एवढंच प्रत्येकाचं काम आणि त्यातून अख्खं चित्र उभं राहतं.

"बघा," सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढुशा जाग्यात इतके आरसे, अन् दरेकाला आपलं काम माहीत हाय. न्हाईतर आपली स्टाफरूम."

त्यांच्या मुलाने पुण्याहून घरी अशाच प्रोजेक्टरचं एक खेळणं पाठवलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लावायचं, मग ते ओट्यावर उजेडाची बटणं टाकतं. बोट ठेवलं की गाणी लागतात, पंखा सुरू होतो, पाककृती दिसते. भाभी त्याच बटणांवर पोळपाट ठेवायच्या. लाटण्याच्या प्रत्येक फेऱ्याला पंखा चालू-बंद, चालू-बंद. सर पोट धरून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच उदाहरण देऊन ते यंत्र बोट कसं ओळखतं ते शिकवायचे.

प्रोजेक्टरच्या कंपनीचा माणूस चष्मे घेऊन आला तेव्हाही तेच. चष्म्याच्या दांडीत करंगळीच्या पेराएवढा प्रोजेक्टर. त्याचा उजेड काचेच्या कडेने आत शिरतो, काचेच्या आतल्या आत आपटत पुढे जातो आणि डोळ्यासमोर आला की बाहेर पडतो. समोर हवेत अक्षरं तरंगताना दिसतात. सरांनी तो चष्मा घातला आणि काढेचनात. दुपारच्या तासाला पूर्ण आंतरिक परावर्तन त्यावरच शिकवलं. "उजेड काचेत कोंडला तरी वाट बघतंय बघा," ते पोरांना म्हणाले. "आपटतंय, पण विझत न्हाई. बाहेर पडायची जागा कुणीतरी करून द्यावी लागती."

याच उजेडाने पुढे त्यांचा घात केला. उजेडाने नव्हे, माणसांनी. उजेडाला का बोल लावू?

संचालकांनी चाकूर आणि धर्माबादला शाखा काढायचं ठरवलं. तिथे मुनीर सर कसे जाणार? तर सरांचे वर्षभराचे तास कॅमेऱ्यात टिपायचे आणि तिकडे त्या डबीतून भिंतीवर दाखवायचे. माणसाच्या उंचीचे सर, हुबेहूब. सर कबूल झाले, पण एका अटीवर. "मी खडू खिशात टाकला की तिथं चित्र थांबवायचं. त्या खोलीत एक जिता मास्तर बसवायचा. पोरगं उठंस्तोवर त्यानं बी थांबायचं. ही अट मोडली तर माझं तोंड दाखवायचं न्हाई भिंतीवर." संचालक म्हणाले, "अर्थात सर, तुमची पद्धत हीच तर आपली ओळख आहे." मी तिथेच बसले होते. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

त्या वर्षी शाखा सुरू झाल्या. रसायनशास्त्राच्या शंका सोडवायला मला धर्माबादला पाठवलं. नांदेडला बस बदलून पोचले तेव्हा सरांचा तास चालू होता. म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसले. खोलीत अंधार, भिंतीवर सर. तोच सदरा, तोच आवाज. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू? आरशाचं सूत्र आलं. सरांनी नेहमीची वजाबाकी घातली. खडू खिशाकडे गेला. आणि पुढच्या क्षणी सर बहिर्गोल भिंगाबद्दल बोलत होते.

मला वाटलं, काहीतरी निसटलं. शाखेच्या व्यवस्थापकाला चित्र मागे फिरवून दाखवायला लावलं. निसटलं नव्हतं, कापलं होतं. सरांचं थांबणं म्हणजे यांच्या लेखी रिकामा वेळ. फळ्याशी येणाऱ्या पोरांचे चेहरे दाखवायचे तर पालकांची परवानगी हवी, म्हणून तेही कापलेलं. म्हणजे चूक राहिली आणि चूक पकडणारं पोर गेलं. जिता मास्तर तर नव्हताच. असता तर डबी कशाला घेतली असती?

मी उठून विचारलं, "मुलांनो, मघाच्या सूत्रात काही खटकलं का?"

एक मुलगी उभी राहिली. लक्ष्मी तिचं नाव, वडील बाजारात मिरचीच्या आडतीवर कामाला. म्हणाली, "खटकलं मॅडम. अधिक पाहिजे."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? भिंतीला?"

लातूरला येऊन मी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. पण ते ओरडलेच नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते एवढंच म्हणाले, "म्हंजे मी त्या पोरांना खोटं शिकवायलो, रोज?" त्यांना तसं गप्प बघून मला जी चीड आली ती अजून उतरलेली नाही.

मग ते संचालकांकडे गेले. तिथे मात्र आवाज खालच्या चहाच्या टपरीपर्यंत आला. तास परत होते तसे करा आणि माणूस बसवा, नाहीतर भिंतीवरून मला उतरवा, एवढीच मागणी. संचालक हसतमुख. "सर, मुलांना तुमचे तास फार आवडतात. एवढं मनाला लावून घेऊ नका. आपण चित्राच्या खाली एक पट्टी टाकू या, त्यात बरोबर उत्तर देऊन टाकू. प्रश्न मिटला."

"पट्टीनं उत्तर दिल्यावर पोरानं काय पकडायचं? माशी?"

"आणि उतरवायचं म्हणाल तर, ते चित्रीकरण संस्थेचं आहे सर."

चित्रीकरण संस्थेचं. तोंड, आवाज, हात, खडू, सगळं सरांचं. पण चित्रीकरण संस्थेचं!

त्याच आठवड्यात सर माझ्याबरोबर धर्माबादला निघाले. वर्ग चालू होता आणि भिंतीवरचे सर नेमकं तेच सूत्र लिहीत होते, कारण त्या तासाची वेळ बघूनच आम्ही आलो होतो. खरे सर दारातून आत आले तशी पोरं हबकली. भिंतीवर एक, दारात एक. "रसायनबाई," सर म्हणाले, "खडू खिशाशी आला की थांबवा." मी थांबवलं. भिंतीवरचे सर खिशाशी हात नेऊन गोठले. खरे सर त्या उजेडात शिरले आणि सरकत सरकत अशा जागी उभे राहिले, की ती वजाबाकीची आडवी रेघ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. फळ्यावरची अर्धी अक्षरं त्यांच्या दाढीवर आणि कपाळावर.

"ह्या बाबानं काहीतरी चुकवलंय," ते म्हणाले. "मी थांबलोय."

आणि थांबले. व्यवस्थापक फोनवर कुजबुजत होता. डबीतला पंखा घूं घूं करत होता. सर नुसते उजेडात डोळे मिचकावत उभे. आधी पोरं हसली, मग हसायची थांबली. मी लक्ष्मीकडे बघत होते, पण या वेळी मी माझं तोंड शिवून घेतलं होतं. शेवटी तीच उठली.

"सर, चुकलं. तुमच्या अंगावर जे पडलंय ते चुकलंय. अधिक पाहिजे."

"मग कर दुरुस्त."

"कुठं?"

"चूक कुठंय? माझ्या अंगावर. मग तिथंच कर." सरांनी तिला पेन दिलं. ती घाबरत पुढे आली आणि त्या उजेडाच्या आडव्या रेघेवर तिने सरांच्या सदऱ्यावर एक उभी रेघ मारली. वजाबाकीची बेरीज झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग व्यवस्थापकाने येऊन दिवा लावला, डबी बंद केली. उजेडाची रेघ गेली आणि सदऱ्यावर शाईची तेवढी उभी रेघ राहिली. तशाच सदऱ्याने सर बसमध्ये माझ्याशेजारी बसले आणि नांदेड येईपर्यंत घोरले. फार दिवसांनी त्यांना असं झोपलेलं बघितलं.

त्याचं बक्षीस लगेच मिळालं. शिस्तभंग म्हणून सरांना शाखांत पाय ठेवायला बंदी केली. मुलीकडून अंगावर लिहून घेतलं, पालक काय म्हणतील, वगैरे वगैरे. पालक काहीच म्हणाले नव्हते. सरांनी राजीनामा फेकला. खाली पट्टी लागली आणि भिंतीवरचे सर शिकवतच राहिले. घरी बसलेल्या सरांना कुणीतरी भेटायला यायचं आणि कौतुकाने सांगायचं, "काल चाकूरला तुमचा तास बघितला, सर!" सर म्हणायचे, "मी नव्हतो तो. माझ्यासारखा दिसणारा, कुणाचं ऐकून न घेणारा कुणी असंल." संस्थेला त्यांनी पुन्हा पुन्हा निरोप धाडले, मला भिंतीवरून उतरवा. उत्तर एकच, विचार करू.

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळची नमाज झाली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं सगळं.

संस्थेने श्रद्धांजली सभा ठेवली. मोठं सभागृह, सरांचे जुने विद्यार्थी आलेले, त्यात कितीतरी डॉक्टर. फातिमाभाभी पहिल्या रांगेत. लक्ष्मी धर्माबादहून आली होती, ती माझ्याशेजारी. संचालकांचं भाषण झालं. सर गेलेले नाहीत, सर आता अमर आहेत, आणि लवकरच त्या चष्म्यांतून सर प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर असतील, घरबसल्या, कधीही. जो माणूस उतरवा उतरवा म्हणत मेला, त्याला हे आता पोरांच्या डोळ्यांत घालणार होते.

मग दिवे मंद झाले आणि व्यासपीठामागच्या भिंतीवर सर आले. पूर्ण उंचीचे, हसरे. समारंभाला शोभत नाही म्हणून खालची पट्टी काढलेली होती. आणि या शहाण्यांनी तास निवडला होता तो आरशाचाच. कुणी धड बघितला असेल तर ना! सरांनी सूत्र लिहिलं. वजाबाकी घातली. खडू खिशाकडे गेला.

"थांबवा!"

भाभी उभ्या राहिल्या होत्या. "रोको उसकू. थांबवा ते. त्यांनी खडू खिशात टाकलाय."

प्रोजेक्टर चालवणारा गोंधळला आणि त्याने थांबवलं. सर भिंतीवर खिशाशी हात नेऊन उभे. संचालक लगबगीने पुढे आले, भाभींना भावना अनावर झाल्या असं समजून हळव्या आवाजात म्हणाले, "भाभी, बसा ना. काय झालं?"

"मला फिजिक्स येत न्हाई," भाभी म्हणाल्या. "पण खडू खिशात गेला म्हंजे काहीतरी चुकलंय. कुणी पकडंस्तोवर ते पुढं जात न्हाईत."

संचालकांनी मान वर करून भिंतीकडे बघितलं. सूत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग आमच्याकडे वळून हसले. "काय चुकलंय? सांगा ना कुणीतरी."

सभागृहातल्या निम्म्या माणसांना ते उत्तर झोपेतही आलं असतं. कुणी बोललं नाही. खुर्चीसुद्धा वाजली नाही. लक्ष्मी उठायला लागली, तिच्या अगदी ओठावर आलं होतं. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं; आज ही चूक संचालकांनीच पकडायची होती.

"पुढे जाऊ या का?" संचालकांनी घाम पुसत विचारलं.

"न्हाई," भाभी म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.